खळ, घोटीव कागद आणि मुंबईला गेलेली पाकिटं

2021 च्या जुलैत जगबुडीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक खालीच राहिली होती. दोन दिवसांनी चिखल काढून उघडली. आत आम्ही भावंडांनी बाबांना मुंबईला पाठवलेली भेटकार्डं होती. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांनी ती सगळी बांधून आणली होती, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पोस्टर कलर सगळा वाहून गेलेला. चिकटवलेलं सुटून आलं होतं, कारण चिकटवलं होतं खळीने. मैद्याची खळ, त्यात कसर लागू नये म्हणून आई चिमूटभर मोरचूद टाकायची. पाण्यात ती विरघळली. पण पिंपळाचं जाळीदार पान मात्र जसंच्या तसं! ते पान महिनाभर पाण्यात कुजवून, वरचा हिरवा गर जुन्या टूथब्रशने अलगद काढून केलेलं. एकदा कुजून झालेल्याला पुराचं पाणी काय करणार?

ती कार्डं उन्हात वाळत घालताना डोक्यात आलं, की हे आम्हाला शिकवलं कुणी? आईने नाही. टीव्ही तर वाडीत एकच. शिकवलं ते शाळेच्या वेळापत्रकातल्या एका तासाने, ‘कार्यानुभव’ने. त्या तासाचा इतिहास सांगायचाय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

भेटकार्ड हे मूळचं टपालाचं अपत्य. इंग्लंडमध्ये 1840 साली एका पेनीत कुठेही पत्र जायला लागलं आणि तीनच वर्षांनी, 1843 ला, हेन्री कोल या गृहस्थांनी नाताळच्या पत्रांना उत्तरं लिहायचा कंटाळा आला म्हणून हजारभर कार्डं छापून घेतली. म्हणजे जगातलं पहिलं छापील नाताळकार्ड आळसातून निघालं. आपल्याकडे 1854 ला देशभर एकसारखा टपालदर आला, 1879 ला पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. आणि कोकणाइतकी पत्रांची गरज कुणाला होती? अर्धं घर लालबाग-परळला, अर्धं इथे. मनीऑर्डर तिकडून यायची, खुशाली इकडून जायची.

दसऱ्याचं सोनं पोस्टाने नीट पोचत नाही, पान वाळून चुरा होतो. संक्रांतीचा हलवा पोचतो. म्हणून आपल्याकडे संक्रांतीचं कार्ड चाललं. छोटं कार्ड, त्यावर पतंग नाहीतर सुगड, आणि आत कागदाच्या पुडीत हलव्याचे चार दाणे. पाकीट बंद न करता बुकपोस्टने टाकलं की स्वस्तात जायचं. आमच्या कार्डातला हलवा मुंबईला पोचेपर्यंत निम्मा मुंग्यांनी खाल्लेला असायचा, असं बाबा सांगायचे. तरी खाल्ला म्हणायचे.

आता कार्यानुभव. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. तिथे नई तालीमची मांडणी झाली: मुलाने एखादं हातकाम धरावं आणि त्यातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकावं. पुढे कोठारी आयोगाने (1964-66) हाच धागा ‘कार्यानुभव’ म्हणून शाळेत आणायला सांगितलं. 1977 ला ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं जडजंबाल नाव दिलं. नाव बदललं, पण शाळेत पैसे तेवढेच. सूतकताईला चरखे नाहीत, सुतारकामाला हत्यारं नाहीत. मग गुरुजींनी काय करावं? कागद, कात्री आणि खळ. माझं तर स्पष्ट मत आहे, की वर्ध्याच्या त्या मोठ्या कल्पनेचं सर्वात स्वस्त आणि सर्वात टिकलेलं रूप म्हणजे आपलं चौथी-पाचवीतलं भेटकार्ड.

आणि ते काही ‘टाइमपास’ नव्हतं हो. कार्डशीट बरोबर मधोमध दुमडायची तर पट्टीने मोजायला लागायचं. कंगव्यावर ब्रश घासून तुषारकाम करताना रंग किती पातळ हवा हे हातालाच कळायचं. भेंडीचा ठसा, रंगात बुडवलेला दोरा दुमडलेल्या कागदातून ओढून काढलेली नक्षी, भाताचं तूस चिकटवून केलेलं खोपटं. सामान निम्मं परसातलं, निम्मं दुकानातलं. दुकानातून आणायचा तो घोटीव कागद.

या ‘घोटीव’ शब्दावर जरा थांबतो. पूर्वी हातकागद तयार झाला की त्याला खळ लावून वाळवायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. जुन्नरचा कागद असाच. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं तर नावच त्या धंद्यावरून पडलं. गिरणीच्या कागदाने हे कारागीर मागे पडले. 1934 ला ग्रामोद्योग संघ निघाल्यावर हातकागदाला पुन्हा जीव आला, 1940 ला पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. आमच्या हातात आलेला रंगीत चकचकीत कागद गिरणीचाच होता, पण नाव त्या घोटणाऱ्या हातांचं राहिलं. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर मजा आली असती.

1979 ला दिल्लीत आर्चीज सुरू झालं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तालुक्याच्या गावातही छापील गुलाबवाली कार्डं आली. घरचं कार्ड द्यायची लाज वाटायला लागली, मलाही वाटली. गंमत म्हणजे त्याच 1979 ला मुंबईत रिपन कपूर यांनी ‘क्राय’ ही संस्था काढली आणि वंचित मुलांसाठी कार्डं विकूनच पैसा उभा केला. आनंदवनात तर कुष्ठमुक्त आणि अपंग माणसांच्या हातची कार्डं होतात. तिथे कार्ड म्हणजे रोजगार. मग मोबाईल आला आणि दुकानातली कार्डंही गेली.

आता मागच्या दिवाळीची गोष्ट. भाचीला शाळेतून ‘हस्तनिर्मित शुभेच्छापत्र’ करायला सांगितलं. सोबत निरोप, की अमुक किट आणा. तीनशे रुपये. आत कापलेली फुलं, कापलेली अक्षरं, मागे डिंक लावलेला, मजकूरसुद्धा छापलेला. पोरीने दहा मिनिटांत चिकटवलं आणि विचारलं, “मामा, यात मी काय केलं?”

किट विकणाऱ्याचा मला राग नाही. हौसेने करणाऱ्यांनी जरूर करावं, त्यातही सुंदर कामं होतात. पण सरकारी शाळेतल्या ज्या आईबापांना तीनशे रुपये म्हणजे दिवसाची मजुरी आहे, त्यांच्या मुलांचं काय? 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी. त्यातले दोन दिवस आपल्या तालुक्यात कागदाला द्या. पिंपळाचं पान, सुपारीची विरी, केळीचं सोपट, काथ्या, सगळं फुकट आहे. एखाद्या बचतगटातली बाई खळ शिजवायला शिकवेल. आणि केलेलं कार्ड पाच रुपयांचं तिकीट लावून मुलांनी खरोखर पोस्टात टाकावं. फक्त वजन वीस ग्रॅमच्या आत ठेवा, शिंपले चिकटवाल तर जास्त पैसे पडतील!

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघेजण जवळच्या दोन शाळांत मुख्याध्यापकांना भेटायला जातोय. कुणाला यायचं असेल तर खाली लिहा. आणि कुणाच्या ट्रंकेत जुनी कार्डं असतील तर फोटो टाका, विशेषतः संक्रांतीची. हलवा चिकटलेलं एखादं सापडलं तर फारच छान.