भाटघरची भिंत आणि पाण्याचा हिशेब

उष्ण कटिबंधातील समुद्रात प्रवाळाचे जे उभे कडे असतात, आणि ज्यांच्या अंगाने खाली उतरणाऱ्या पाणबुड्याला पायाखाली तळ म्हणून काही दिसतच नाही, त्यांच्याविषयी अंदमान-लक्षद्वीपाकडून परतलेले तरुण हल्ली मोठ्या उत्साहाने बोलतात; परंतु भोर हे गावही अठराव्या अक्षांशाजवळ, म्हणजे शास्त्रार्थाने उष्ण कटिबंधातच वसलेले असून, त्याच्या वेशीपासून दोन-तीन कोसांवर एक भिंत अर्धी उन्हात आणि अर्धी पाण्यात उभी आहे, हे त्यांच्या ध्यानी सहसा येत नाही. रस्त्याने जाणाऱ्याला या भिंतीची फक्त पाठ दिसते; तिचे खरे तोंड पाण्याकडे आहे. त्या तोंडालगत बुडीचा बेत आखावयाचा झाल्यास आधी दप्तर उघडावे लागते, कारण खोली, काळोख आणि धोका या तिन्ही गोष्टी तेथे निसर्गाने नव्हे, तर सरकारच्या बांधकाम खात्याने ठरविलेल्या आहेत.

वेळवंड, हिरडस, गुंजण ही मावळे आणि कानंद खोरे पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत. तोरणा म्हणजेच प्रचंडगड, आणि त्याच्याच नावाचा संस्थानचा एक तालुका होता. १८७६ ते १८७८ च्या घोर दुष्काळाने देश भाजून निघाल्यावर नीरेचे पाणी पूर्वेकडील अवर्षणग्रस्त मुलखात नेण्याच्या योजनेला वेग आला, आणि वेळवंडी नदीवर भाटघर येथे सुमारे १२७ फूट उंचीची दगडी भिंत घालून जो तलाव झाला, त्याला व्हाइटिंग या इंजिनिअराचे नाव मिळाले. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पुढे उसाची तहान वाढली, तलाव अपुरा पडला, आणि १९२७-२८ च्या सुमारास तेथे आणखी मोठे धरण पुरे होऊन त्याला मुंबईचे माजी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे नाव देण्यात आले: पायापासून उंची सुमारे ५८ मीटर, लांबी १,६२५ मीटर, आणि साठा जवळजवळ २४ अब्ज घनफूट. पाणी गेले ते बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या तालुक्यांना. जमीन गेली ती वेळवंड खोऱ्याची. हा व्यवहार न्यायाचा होता असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. जलाशयाला आता येसाजी कंकांचे नाव आहे, आणि त्यांचे भुतोंडे गाव याच पाण्याच्या काठी आहे, एवढीच काय ती भरपाई.

अशी भिंत बांधणारा इंजिनिअर आणि तिच्यालगत उतरणारा पाणबुड्या हे दोघेही एकाच गणिताचे चाकर होत. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढत जातो: चाळीस मीटर खाली भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर चाळीस टनांचा भार येतो, म्हणून भिंतीचा पाया रुंद आणि माथा अरुंद. दगडी धरणाचा छेद कसा असावा याविषयी रँकिन या स्कॉटिश पंडिताने १८७२ मध्ये जो सुप्रसिद्ध अहवाल लिहिला, तो मुंबई नगरपालिकेच्या एका इंजिनिअराच्या विचारणेवरून लिहिलेला होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. पुढे १९०८ मध्ये हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने बोकडांवर प्रयोग करून, दाबाखाली रक्तात विरघळलेला नत्रवायू वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने सुटू नये यासाठी किती सावकाश वर यावे, त्याची कोष्टके प्रसिद्ध केली. इंजिनिअर दाबाला जाडीने उत्तर देतो. पाणबुड्याला ते वेळेने द्यावे लागते.

आता बेताकडे वळू. हौशी पाणबुड्याची मर्यादा ४० मीटर मानली जाते, आणि तलाव भरलेला असता भाटघरची भिंत त्याहून खाली जाते. म्हणून प्रवाळाच्या कड्यावर जो नियम, तोच येथेही, की आपला तळ आपणच मनाशी ठरवावा, आणि भिंत आणखी खाली बोलावीत असली तरी त्याच्यापलीकडे जाऊ नये. तीस मीटरवर श्वासाला पृष्ठभागाच्या चौपट हवा लागते. बारा लिटरच्या, दोनशे बार दाबाने भरलेल्या टाकीत २,४०० लिटर हवा मावते, त्यांपैकी पाव हिस्सा अडीअडचणीसाठी राखला, आणि मिनिटाला वीस लिटरांचा संथ श्वास गृहीत धरला, तर सारा वेळ वीस-बावीस मिनिटांचा होतो, आणि वर येण्याचा वेळही त्यातूनच वजा करावा लागतो. शिवाय भोर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे, आणि बुडीची साधी कोष्टके तीनशे मीटरांपलीकडे लागू पडत नाहीत: येथली तीस मीटरांची बुडी समुद्रातल्या बत्तीस मीटरांच्या बुडीइतकी धरावी. यातून एक गमतीदार, परंतु गंभीर निष्पत्ती होते. पुण्याचा हौशी मनुष्य सकाळी भाटघरला बुडी मारून दुपारी वेल्ह्यास जाऊन तोरणा चढेल, तर चौदाशे मीटरांच्या माथ्यावर त्याच्या शरीराची गत बुडीनंतर लगेच विमानात बसणाऱ्यासारखी होईल. एका बुडीनंतर निदान बारा तास, आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास उड्डाण टाळावे, असा जो संकेत आहे, तो प्रचंडगडालाही लावावा.

दृष्टीचा भरवसा मात्र येथे धरू नये. पावसाळ्यात डोंगरांची तांबडी माती पाण्यात उतरते, आणि गाळ ढवळला गेला की दिव्याचा झोतही हातभर जात नाही. उन्हाळ्यात कालव्याची आवर्तने सुटून पाणी ओसरते, तेव्हा कांबरे गावचे कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. त्या दिवसांत बुडीला खोलीच उरत नाही. विहिरीत अथवा डोहात बुडालेल्याचा शोध घेण्याचे काम भोई आणि कोळी पिढ्यान्पिढ्या करीत आले, ते एका दमात आणि हाताच्या स्पर्शाने. हवेची टाकी पाठीवर नसल्यामुळे त्यांना कोष्टकांची गरज नव्हती, परंतु पाणी कोठून ओढते याची खबर त्यांना नक्की असे.

आणि ही खबरच सर्वांत मोलाची आहे. धरणातून पाणी सोडण्याची मोरी उघडी असताना तिच्या तोंडाशी गेलेला पाणबुड्या परत येत नाही: वीस मीटर पाण्याखाली एक चौरस मीटरच्या भोकावर वीस टनांचा ओढा असतो, आणि दोरी, सोबती, राखलेली हवा, यांपैकी काहीही तेथे उपयोगी पडत नाही. जवळून प्रवाह दिसत नाही, ऐकूही येत नाही. मोरीकडे दुर्लक्ष केले की काय होते, हे शेजारच्याच वेल्हे तालुक्याने, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, पानशेतला पाहिले: मोरीचे काम अर्धवट असताना मातीच्या धरणात पाणी अडविले गेले, १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची दगडी भिंतही खचली आणि पुणे बुडाले. भाटघरला पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे आहेत, जे पाणी विशिष्ट पातळीला चढताच कोणाची आज्ञा न घेता उघडतात. म्हणजे पाटकऱ्याच्या ‘आज काही सोडायचे नाही’ या तोंडी भरवशावरही विसंबता येत नाही.

म्हणून ज्यांस या भिंतीचे तोंड पाहण्याची हौस असेल त्यांनी टाकी, दिवा आणि कोष्टके यांच्या आधी पाटबंधारे खात्याकडे लेखी अर्ज करावा. मोऱ्या बंद असल्याचा आणि बुडी संपेपर्यंत त्या बंदच राहतील असा लेखी हुकूम हाती आल्यावाचून पाण्यात उतरू नये, आणि तो मिळाला नाही तर भिंतीची पाठ पाहून समाधान मानावे.