फोटोतली पहिली बायको

१९९५ साली झी टीव्हीवर सुरू झालेली ‘हम पाँच’ आठवते ना? तिचे सगळेच भाग काही रंगले नव्हते. असा एखादा फिका भाग आज पुन्हा पाहिला, तर पाच मुलींचा गोंधळ तोच तोच वाटतो आणि शेवट आधीच कळतो. पण भिंतीवरच्या फोटोतून प्रिया तेंडुलकर बोलू लागली की रिमोट बाजूला राहतो. अशोक सराफ यांनी केलेल्या आनंद माथुरची ही वारलेली पहिली बायको. ती नवऱ्याला टोमणे मारते, भूत होऊन कोणाला झपाटत नाही.

याचे मोल जुनी रीत आठवली की कळते. महाराष्ट्रात कित्येक घरांत बिजवराला दिलेली मुलगी गळ्यात सवतीचा चांदीचा टाक घालत असे. नवे लुगडे, गोडधोड आधी त्या टाकाला दाखवायचे. पोर आजारी पडले तरी सवत कोपली म्हणायचे. भोगायचे मात्र जिवंत बाईने.

मालिकेने त्या धास्तीचे हसू केले. भाग फिका असो, फोटोतली ती बाई दुसरीला घरात सुखाने नांदू देते. एवढ्यासाठी तो शेवटपर्यंत बघावा.