एस्टी लॉडर कंपनीज

महागडी सौंदर्यप्रसाधने बनवून विकणारी अमेरिकी बहुराष्ट्रीय कंपनी. मुख्यालय न्यूयॉर्क. एस्टी व जोसेफ लॉडर या दांपत्याने 1946 मध्ये तिची स्थापना केली. त्वचानिगा, रंगभूषा, सुगंध व केशनिगा हे व्यवसायाचे चार मुख्य विभाग होत.

आरंभापासून विक्रीचा भर निवडक, प्रतिष्ठित दुकानांवर राहिला. तेथे प्रशिक्षित विक्रेत्या ग्राहकाच्या त्वचेवर प्रसाधन लावून दाखवत. खरेदीसोबत छोटी भेटवस्तू मिळे. 1953 मध्ये आलेले ‘यूथ ड्यू’ हे अंघोळीचे तेल अत्तर म्हणूनही वापरता येई. अत्तर भेट मिळण्याची वाट न पाहता स्त्रिया ते स्वतःसाठी विकत घेऊ लागल्या.

कंपनीने ‘क्लिनिक’ (1968) ही नाममुद्रा स्वतः उभारली. ‘मॅक’, ‘बॉबी ब्राउन’, ‘जो मलोन’ इ. खरेदी केल्या. प्रत्येक नाममुद्रेची ओळख स्वतंत्र ठेवली जाते. संशोधन, उत्पादन व वितरण यांची व्यवस्था मात्र बरीचशी सामाईक असते. विमानतळांवरील करमुक्त दुकाने आणि ऑनलाइन विक्री हे उत्पन्नाचे महत्त्वाचे मार्ग आहेत. आशियातील करमुक्त विक्री घटल्याने 2023 नंतर कंपनीला मोठा फटका बसला. 1995 पासून तिचे समभाग न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदलेले असून मताधिकाराचे नियंत्रण लॉडर कुटुंबाकडे आहे.