नमस्काराचा अधिकार : १७७९ मधील एका निर्बंधाविषयी

मनुष्याविषयीचे मत त्याने तोंड उघडण्यापूर्वीच बनू लागते. तो कोठे उभा राहतो, मान किती लववतो, हात कोठवर उचलतो, वस्त्र कसे नेसतो, यांवरून पाहणारा त्याची पायरी ठरवून मोकळा होतो. विसाव्या शतकाच्या मध्यास अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने या नित्याच्या व्यवहाराचे सूक्ष्म विवेचन केले. इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण मात्र निराळी आहे. गॉफमनला माणसे डोळ्यांसमोर पाहता आली. आपल्यापुढे दप्तरे आहेत, आणि देहाच्या हालचाली दप्तरात सहसा उतरत नाहीत. त्या उतरतात त्या तंटा उपस्थित झाला म्हणजे. प्रस्तुत लेखात अशाच एका तंट्याचा विचार केला आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोनार समाजातील काही मंडळी स्वतःस दैवज्ञ ब्राह्मण म्हणवीत, धोतर ब्राह्मणी पद्धतीने निऱ्या घालून नेसत आणि परस्परांस 'नमस्कार' करीत. पुण्यातील ब्राह्मणांस हे अनुकरण रुचले नाही. पेशव्यांच्या अधिकाराचा आधार घेऊन त्यांनी ते बंद पाडले. एवढेच नव्हे, तर १७७९ मध्ये मुंबईत राहणाऱ्या सोनारांनीही नमस्कार करू नये, असा निर्बंध तेथील ईस्ट इंडिया कंपनीच्या अध्यक्ष व काउन्सिलकडून काढविण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) या निबंधात या प्रसंगाचा निर्देश केल्यामुळे तो अनेकांस ठाऊक आहे. सनाकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत वडगाव येथे मराठ्यांनी मुंबईकरांस नामोहरम केले होते, आणि १७८२ मधील सालबाईच्या तहापर्यंत युद्ध मिटले नव्हते. एकमेकांशी लढणारी दोन सरकारे सोनारांनी हात कसे जोडावेत याविषयी मात्र एकमताने वागली!

एवढे महत्त्व नमस्कारास का यावे? 'नम्' या धातूचा अर्थ वाकणे. म्हणजे शब्दाच्या पोटातच देहाची क्रिया आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात संयुतहस्तांच्या वर्णनात अंजलीचा विनियोग सांगितला आहे : देवतांसाठी मस्तकाशी, गुरूंसाठी मुखाशी, मित्रांसाठी वक्षःस्थळाशी. हात तेच, जोडण्याची रीत तीच. वीतभर उंचीच्या फरकाने नाते बदलते. मराठी पत्रव्यवहारात हीच उतरंड मायन्यात आली. ब्राह्मणाने ब्राह्मणास साष्टांग नमस्कार लिहावा, मराठ्यास आशीर्वाद. मराठ्याने ब्राह्मणास दंडवत, मराठ्यास रामराम. हेमाडपंताच्या नावावर चालणाऱ्या मेस्तकापासून लेखनाचे हे शिस्तशास्त्र चालत आले. पत्र लिहिताना कोणी जमिनीवर आडवा होत नसे, हे उघड आहे. तरी मायना हा देहाचाच कागदावर पडलेला ठसा होय, असे मला वाटते.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, निर्बंध शब्दावर होता, देहावर नव्हे. परंतु मग निऱ्यांचे काय? निरी काही बोलत नाही. शब्द, हात आणि धोतर ही तिन्ही एकाच दाव्याची साधने होती, आणि तो दावा समोरच्यापेक्षा रस्त्यावरून जाणाऱ्या तिऱ्हाइतापुढे अधिक होता. दोन सोनार एकमेकांस नमस्कार करीत, तेव्हा त्यांच्यापैकी कोणीही तिसऱ्याचे काही हिरावून घेत नसे. पाहणाऱ्याच्या मनात मात्र त्यांची पायरी बदलत असे. ते मन राज्यसत्तेस आपल्या ताब्यात हवे होते, आणि मनावर हुकूम चालत नाही म्हणून तो हातांवर चालविला गेला.

'मुजरा' या शब्दाची कथाही लक्षणीय आहे. हिशेबात तोच शब्द वजावट या अर्थी येतो, आणि दरबारी मुजरा कित्येकदा त्याहून फारसा वेगळा नसावा. पण तो विषय येथे वाढवीत नाही.

याच्या अगदी उलट टोकास 'जोहार' आहे. नमस्कार करण्यास सोनारांना मनाई झाली. जोहार घालण्याची महारांवर सक्ती होती. तो वाकून आणि अंतर राखून घालावयाचा. चोखामेळ्याने आणि पुढे एकनाथांनी तो देवाच्या दारी नेला, त्यामुळे मराठी कवितेत त्यास एक विलक्षण आर्त सूर मिळाला. गावच्या चावडीपुढे मात्र त्याचा अर्थ बदलला नाही. आपल्याकडील काव्यसमीक्षेने या सुराचे कौतुक पुष्कळ केले, त्यामागच्या वाकलेल्या पाठीची दखल त्या मानाने थोडी घेतली. विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीने जोहार टाकला, आणि 'जय भीम' हे अभिवादन रूढ झाले. त्याच्या प्रसारात कामठीचे बाबू हरदास यांचा मोठा वाटा होता. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे केवळ शब्दपालट झालेला नाही. जोहारास 'जोहार' असे उत्तर वरून येत नसे. 'जय भीम'ला 'जय भीम' हेच उत्तर येते, आणि दोघांच्या पाठी सरळ राहतात. काही कार्यालयांत हे अभिवादन ऐकून समोरचा क्षणभर गोंधळतो व 'नमस्कार' म्हणून वेळ मारून नेतो. त्या क्षणभराच्या थांबण्याने जे कळते, ते पुढील संभाषणाने सहसा पुसले जात नाही.

१७७९ च्या निर्बंधाचा विषय असलेला शब्द आज कोणाच्याही तोंडी आहे. शाळेच्या पत्रलेखनात मुलांस 'सा. न. वि. वि.' आणि 'स. न. वि. वि.' यांतील भेद शिकविला जातो : पहिला वडीलधाऱ्यांसाठी, दुसरा बरोबरीच्यांसाठी. पदव्युत्तर वर्गात या अक्षरांची फोड विचारली, तर 'विनंती विशेष' बहुतेकांस सांगता येते. 'सा' म्हणजे साष्टांग, आठ अंगांनी भूमीस टेकून, हे सांगणारा विद्यार्थी वर्षाकाठी एखादाच भेटतो.