मिरची, हत्ती आणि मेटाफर

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीचे ढीग लागले की नाकाला मिरची झोंबते, ठसका लागतो. संध्याकाळी पारावर कुणी खरं बोललं आणि समोरचा तापला, तर त्यालाही मिरचीच झोंबते. फक्त ती कुठल्या पोत्यातली नसते. भोकरदन तालुक्यातल्या या गावातलं पोर दोन्ही वाक्यं सहज बोलून जातं. पण इंग्रजीच्या तासाला फळ्यावर ‘मेटाफर’ आलं की गाइड उघडतं.

खरं तर याच तालुक्यात, जयदेववाडीला, महानुभाव पंथाचं ‘जाळीचा देव’ हे तीर्थ आहे. या पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी तेराव्या शतकात मराठीत बोलत हिंडले, आणि त्यांचं मुख्य हत्यार होतं दृष्टांत. त्यांच्या पश्चात केसोबासांनी असे 114 दृष्टांत ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात मांडले. प्रत्येकाचे भाग तीन. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीचा रोख नेमका कुठे आहे याचा उलगडा. अलंकार वापरून वर तो उलगडूनही दाखवायचा, ही शिस्त मराठी गद्यात इतक्या लवकर आली होती.

त्यातला सर्वांत गाजलेला दृष्टांत जन्मांधांचा आणि हत्तीचा. ज्याच्या हाती पाय लागला तो हत्तीला खांब म्हणतो, सोंड लागलेला मुसळ म्हणतो, कान चाचपणारा सूप म्हणतो. इथे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. प्रत्येक आंधळा एकेक उपमा देतो आणि त्याची उपमा अगदी बिनचूक असते. हत्तीचा कान सुपासारखाच असतो. चूक होते ती ‘सारखा’ हा शब्द गळतो तेव्हा. इंग्रजी पुस्तकं सिमिली आणि मेटाफर यांतला भेद एका ‘सारख्या’वर तोलतात. तो भेद विसरला तर काय घोटाळा होतो, हे या गोष्टीत सूप-मुसळाच्या भाषेत आलंय.

हे सगळं मराठीत राहिलं त्यामागे आग्रह होता. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केसोबासांना पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी अडवलं. संस्कृतामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मात्र याच पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्या उकलेपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला हा ठेवा जवळपास अनोळखीच होता. शाळेच्या व्याकरणात तो शिरणार कसा?

पैठणला एकनाथांनी वेगळी वाट धरली. रेणुकेचा, अंबेचा गोंधळ आणि जोगवा गावोगाव लोकांच्या ओळखीचे होते. नाथांनी ते उचलले आणि भारुडात आख्खं रूपक उभं केलं. विंचू चावला म्हणावं, तर तो विंचू काम-क्रोधाचा. एकनाथ 1599 साली गेले. त्याच्या दहाच वर्षं आधी, 1589 मध्ये, लंडनला इंग्रजी काव्यकलेवरचं एक पुस्तक लेखकाच्या नावाविना छापलं गेलं. ते जॉर्ज पुटनमचं मानतात. अलंकारांची ग्रीक नावं आपल्या लोकांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यानं घरगुती नावं ठेवली: आयरनीला ‘कोरडी थट्टा’, हायपरबोलीला ‘मोठ्यानं खोटं बोलणारा’. ती रुजली नाहीत. इंग्रजांच्या पोरांनाही शेवटी ग्रीक शब्दच पाठ करावे लागले.

इकडे मराठीत, भोकरदन ज्यात येतं त्या आजच्या जालना जिल्ह्यातल्याच जांबला 1608 साली जन्मलेल्या रामदासांनी दासबोधात कवित्वाची धीट, पाठ आणि प्रासादिक अशी प्रतवारी लावली. नुसत्या शब्दचातुर्याला त्यात फारसा मान नाही.

इंग्रजी वळणाचे अलंकार मराठी गद्यात ठळकपणे आले ते 1874 पासून, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’तून. जॉन्सन-मेकॉले पचवलेली ती तोलदार वाक्यं आणि तो उपरोध. तेच शस्त्र शिवराम महादेव परांजप्यांनी 1898 मध्ये सुरू केलेल्या ‘काळ’ साप्ताहिकात इतकं परजलं, की वरवर सरकारची स्तुती वाटावी आणि वाचकानं ओठ दाबून हसावं. सरकारलाही ते कळत होतंच. 1908 मध्ये परांजप्यांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली. कोरड्या थट्टेची एवढी किंमत पुटनमच्याही डोक्यात आली नसेल.

भोकरदन-पैठणचा हा मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तिथल्या कारभारात, शिक्षणात उर्दूचा वरचष्मा राहिला. चिपळूणकर-परांजप्यांचा पुण्याचा निबंध इकडे उशिरा पोचला. गोंधळ, कीर्तन आणि भारूड मात्र आधीपासून होतंच.

तेव्हा सिमिली शिकवणाऱ्या सरांनी, मॅडमनी पुढच्या तासाला गाइड मिटून तो हत्ती वर्गात आणावा. सूप आणि मुसळ पोरांच्या ओळखीचं आहे, मिरची तर आहेच.