राजापूर लोकसभा मतदारसंघ

राजापूर लोकसभा मतदारसंघ : महाराष्ट्राच्या दक्षिण कोकणातील एक पूर्वीचा ग्रामीण लोकसभा मतदारसंघ. तो १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत अस्तित्वात होता. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग त्यात मोडत असे. १ मे १९८१ रोजी त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला, तेव्हा मतदारसंघाचा प्रदेश दोन जिल्ह्यांत विभागला गेला. १९७६ नंतरच्या यादीत राज्यातील मतदारसंघांचे क्रमांक कोकणापासून सुरू होत आणि राजापूर हा त्यांतील पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ होता. २००८ मध्ये राजापूर व त्याच्या उत्तरेचा रत्नागिरी हे दोन्ही मतदारसंघ रद्द झाले. त्यांच्या बऱ्याचशा प्रदेशाचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा नवा मतदारसंघ (क्रमांक ४६) करण्यात आला, तर दापोली व गुहागर हे विधानसभा मतदारसंघ रायगड लोकसभा मतदारसंघास जोडले गेले.

प्रदेश व मतदार : सह्याद्री आणि समुद्र यांमधील ही अरुंद, डोंगराळ पट्टी. भात व नाचणी ही येथील मुख्य पिके असून हापूस आंबा, काजू व मासेमारी ही उत्पन्नाची इतर साधने होत. शेतजमिनीचे तुकडे लहान आणि पाऊस विपुल असूनही दुबार पीक थोडे. यात खोतीची भर होती. सरकार व कूळ यांच्यामध्ये सारावसुली करणाऱ्या खोतांचे वर्चस्व बहुसंख्य गावांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिले. कुणबी, महार व इतर कुळांना त्याची झळ विशेष लागली. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस विधिमंडळावर गेला. प्रत्यक्षात खोती रद्द झाली ती १९४९ च्या कायद्याने. प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक त्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत आली, ही गोष्ट येथील मतदाराचा स्वभाव समजून घेताना लक्षात ठेवण्यासारखी आहे. साखरपट्ट्यात सहकारी कारखाना व बँक यांच्याभोवती मतांची जी बांधणी झाली, तिला येथे आधारच नव्हता. खोताचा अधिकार गेला आणि त्या जागी दुसरी कोणतीही आर्थिक सत्ता गावात उभी राहिली नाही.

गावाची आर्थिक नाडी मुंबईत होती. गिरण्या, गोदी, पोलीस खाते, छापखाने आणि घरकाम यांत कोकणातील माणसे काम करीत व त्यांच्या मनीऑर्डरींवर घरे चालत. या चाकरमान्याचे मत कधी गावच्या यादीत असे, तर कधी मुंबईच्या; त्याचे मन मात्र बहुधा गावात असे. गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात तो घरी आला, की मुंबईतील राजकारणही त्याच्याबरोबर येई. मागे राहिलेल्या मतदारांत स्त्रियांचे प्रमाण साहजिकच मोठे होते. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. येथील निवडणुकांचा निकाल अशा प्रकारे मुख्यतः स्त्रियांच्या मतांवर अवलंबून असता, मतदारसंघाच्या संपूर्ण इतिहासात एकही स्त्री येथून लोकसभेवर गेली नाही. शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघाने मात्र १९६२ व १९६७ अशा दोन वेळा काँग्रेसच्या शारदा मुखर्जी यांना निवडून दिले.

प्रारंभीच्या निवडणुका : १९५२ मध्ये जिल्ह्यात रत्नागिरी उत्तर व रत्नागिरी दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. उत्तरेतून आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले व दक्षिणेतून मोरेश्वर दिनकर जोशी असे काँग्रेसचे दोन्ही उमेदवार निवडून आले. भोसले हे मूळचे सावंतवाडी भागातील, म्हणजे दक्षिणेचे. त्यांना उत्तरेने निवडले, यावरून उमेदवाराच्या गावापेक्षा त्याच्या कीर्तीला असलेले महत्त्व प्रथमपासूनच दिसून येते.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या भरात झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, हा प्रश्न इतर जिल्ह्यांना अस्मितेचा होता. कोकणाला तो चुलीचाही होता. काँग्रेसचा पश्चिम महाराष्ट्रात दारुण पराभव झाला आणि रत्नागिरी जिल्ह्याने दोन्ही जागा विरोधकांना दिल्या. राजापुरातून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै, तर रत्नागिरीतून भारतीय जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले. जनसंघाचे त्या लोकसभेत चारच सदस्य होते व त्यांतील एक रत्नागिरीचा होता. समाजवादी व जनसंघ या दोन टोकांच्या पक्षांना एकाच जिल्ह्याने एकाच दिशेने मत दिले, त्यामागे पक्षांच्या तत्त्वज्ञानापेक्षा मुंबईचा प्रश्न होता, असेच म्हणावे लागते.

नाथ पै यांचा काळ (१९५७–७१) : नाथ पै (१९२२–७१) हे वेंगुर्ल्याचे. बेळगावात शिक्षण, इंग्लंडमध्ये बॅरिस्टरी आणि आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपद अशी त्यांची पूर्वपीठिका होती. १९५७, १९६२ व १९६७ अशा तीनही निवडणुका त्यांनी जिंकल्या. त्यांपैकी १९६२ ची निवडणूक विशेष महत्त्वाची ठरते. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले होते, चळवळीचा आवेश ओसरला होता आणि राज्यात काँग्रेसने गमावलेली भूमी बहुतांशी परत मिळविली होती. रत्नागिरीची जागाही तिने परत घेतली. राजापूर मात्र नाथ पै यांच्याकडेच राहिले.

या निष्ठेची कारणे एकाहून अधिक आहेत. साने गुरुजींच्या प्रभावातील राष्ट्र सेवा दल, प्राथमिक व माध्यमिक शिक्षकांचा वर्ग आणि कणकवलीजवळ गोपुरी आश्रम चालविणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांचे कार्य यांमुळे समाजवादी विचाराला येथे अनुकूल भूमी होती. दुसरे कारण नाथ पै यांच्या वक्तृत्वाचे. संसदेतील त्यांच्या भाषणांचे वृत्तांत मुंबईच्या मराठी वृत्तपत्रांतून येत व ती वृत्तपत्रे चाकरमान्यांच्या खोल्यांतून वाचली जात. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर (१९६७), मूलभूत हक्कांसह संविधानात बदल करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे खाजगी विधेयक त्यांनी मांडले. ते त्यांच्या हयातीत संमत झाले नाही. तथापि त्यामागील तत्त्व १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीत स्वीकारले गेले. घटनाशास्त्रातील हा गहन वाद राजापूर-मालवणच्या शेतकऱ्याला कितपत कळला असेल, अशी शंका घेणे सोपे आहे. आपला माणूस दिल्लीत ऐकला जातो, हे त्याला कळत होते.

या गौरवाला दुसरी बाजू आहे. गावात रस्ता, बंदरात धक्का आणि शेताला पाणी या गोष्टी सत्तेजवळच्या प्रतिनिधीला लवकर मिळतात. दक्षिण कोकणाने दीर्घकाळ विरोधी बाकांवरचे प्रतिनिधी निवडले आणि त्याची किंमतही मोजली, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो पूर्णपणे खरा नाही. रत्नागिरी मतदारसंघाने १९६२ ते १९७७ सलग काँग्रेसचे खासदार दिले. तरीही तेथील स्थलांतर थांबल्याचे दिसत नाही.

मधु दंडवते यांचा काळ (१९७१–९१) : लोकसभा विसर्जित होऊन मध्यावधी निवडणूक तोंडावर असताना, १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे नाथ पै यांचे निधन झाले. त्यांच्या जागी पक्षाने प्रा. मधु दंडवते (१९२४–२००५) यांना उभे केले. दंडवते अहमदनगरचे आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. या निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या. प्रजासमाजवादी पक्षाचे साऱ्या देशात दोनच उमेदवार निवडून आले. त्यांतील एक राजापूरचा होता. पुढे १९७७, १९८० व १९८४ मध्ये जनता पक्षातर्फे आणि १९८९ मध्ये जनता दलातर्फे दंडवतेच विजयी झाले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या १९८४ च्या लाटेत राज्यातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या. उरलेल्या पाचांत राजापूर होते आणि शेतकरी कामगार पक्षाने जिंकलेले कुलाबाही होते. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या, साध्या राहणीच्या या प्राध्यापकाला परका असूनही मतदारांनी वीस वर्षे आपला मानले.

दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. द्वितीय वर्गाच्या शयनयानांतील लाकडी बाकांना गादी बसविण्याचा त्यांचा निर्णय देशभर प्रसिद्ध आहे. मतदारसंघाला महत्त्व होते ते कोकण रेल्वेचे. मुंबईचा प्रवास पूर्वी बोटीने होई, पावसाळ्यात ती बंद पडे, पुढे एस.टी.ची रात्रभराची गाडी आली. ज्या प्रदेशाचे अर्धे कुटुंब मुंबईत राहते त्याला रेल्वे ही चैनीची वस्तू नव्हती. दंडवते अर्थमंत्री (१९८९–९०) व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. तोपर्यंत दंडवते खासदार राहिले नव्हते. १९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत यांनी त्यांचा पराभव केला होता.

शिवसेनेचा उदय : हा पराभव व्यक्तीचा जितका, तितकाच तिच्यामागील मुंबईचा होता. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील कामगारवस्ती मोडकळीस आली. हजारो कुटुंबे गावी परतली किंवा उपनगरांत पांगली. समाजवादी व डाव्या कामगार संघटनांचा पाया त्यामुळे खचला. त्याच वस्त्यांत १९६६ पासून शिवसेनेच्या शाखा होत्या आणि तिच्या कार्यकर्त्यांत कोकणातील तरुणांचा भरणा मोठा होता. ज्या वाटेने समाजवाद गावात आला, त्याच वाटेने शिवसेनाही आली. १९९६ मध्ये राजापुरातून सुरेश प्रभू व रत्नागिरीतून अनंत गीते हे तिचे उमेदवार निवडून आले व १९९८, १९९९ आणि २००४ मध्येही दोघांनी जागा राखल्या. प्रभू यांनी केंद्रात मंत्रिपदे भूषविली. सुशिक्षित व दिल्लीत वजन असलेला प्रतिनिधी हवा, ही येथील जुनी आवड पक्ष बदलूनही टिकली, असे त्यांच्या निवडीवरून म्हणता येते.

पुनर्रचनेनंतर : मुंबईहून लागणारा राजकीय वारा आणि गावातील स्थानिक सत्ता यांचे नाते २००५ नंतर पालटले. मालवणातून १९९० पासून आमदार असलेले व १९९९ मध्ये काही काळ मुख्यमंत्री राहिलेले नारायण राणे शिवसेनेतून काँग्रेसमध्ये गेले. सिंधुदुर्गात प्रथमच एका नेत्याभोवती कंत्राटे, संस्था व पदे यांचे जाळे उभे राहिले होते. पूर्वीच्या कोकणात ते नव्हते. २००९ मध्ये नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात त्यांचे पुत्र नीलेश राणे यांनी प्रभूंना सुमारे ४७ हजार मतांनी हरविले. २०१४ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत यांनी नीलेश राणे यांचा सुमारे दीड लाखाने आणि २०१९ मध्ये पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला.

या काळातील प्रचारात मोठ्या प्रकल्पांचा प्रश्न सतत येत राहिला. त्याची पूर्वपीठिका रत्नागिरीतील तांबे शुद्धीकरण प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात व गुहागर तालुक्यातील एन्‌रॉन वीज प्रकल्पात होती. राजापूर तालुक्यातील माडबन येथील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध मच्छीमारांनी व बागायतदारांनी आंदोलन केले. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे गोळीबारात एका आंदोलकाचा मृत्यू झाला. त्याच तालुक्यातील नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना राज्य सरकारने लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०१९ मध्ये रद्द केली. पुढे बारसू या पर्यायी जागेवरून २०२३ मध्ये पुन्हा संघर्ष उद्‌भवला. रोजगार नाही म्हणून माणसे जातात आणि रोजगाराच्या नावाने येणारा प्रकल्प आंबा व मासळी यांच्या मुळावर येईल, अशी भीती मागे राहणाऱ्यांना वाटते. कोणत्याही पक्षाला ही कोंडी फोडता आलेली नाही. बहुतेकांनी सत्तेत असताना एक व विरोधात असताना दुसरी भूमिका घेतली.

दरम्यान लोकसंख्या घटत गेली. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. मतदारसंघांची आखणी लोकसंख्येवर होत असल्याने स्थलांतराचा परिणाम प्रतिनिधित्वावरही होतो. २००८ मध्ये सिंधुदुर्गातील विधानसभेच्या जागा चारावरून तीनवर आल्या. मनीऑर्डर पाठविणारा मुंबईत मोजला गेला आणि त्याच्या गावाचा आवाज तेवढा कमी झाला.

शिवसेनेतील २०२२ च्या फुटीनंतर झालेल्या २०२४ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे नारायण राणे यांनी शिवसेनेच्या ठाकरे गटाचे विनायक राऊत यांचा ४७,८५८ मतांनी पराभव केला. १९५७ मधील जनसंघाच्या विजयानंतर त्या परंपरेतील पक्षाला या भागातून मिळालेली ही पहिली लोकसभेची जागा होय. निकालाची वाटणी जिल्ह्याच्या सीमेवर झाली. कणकवली, कुडाळ व सावंतवाडी या सिंधुदुर्गातील तिन्ही विधानसभा मतदारसंघांनी राणे यांना आघाडी दिली. चिपळूण, रत्नागिरी व राजापूर येथे राऊत पुढे राहिले.