नॉमिनी आणि वारस : बँकेतील तरक्याचा कायदेशीर इतिहास

मुस्लिम कुटुंबातील कर्ता पुरुष वारला की त्याची बँकेतील ठेव पुष्कळदा मुलाच्या हाती जाते, कारण नॉमिनी म्हणून त्याचेच नाव लावलेले असते. मग ती तो स्वतःचीच समजतो; बहिणींनी विचारले तर बँकेच्या फॉर्मकडे बोट दाखवितो. शरीअतने ठरविलेला मुलीचा हिस्सा असा एका छापील कागदापुढे हरतो. वस्तुतः या कागदाला एवढे बळ कायद्याने कधीच दिलेले नाही.

बेळगाव, धारवाडसह मुंबई इलाख्यात १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनने वारस दाखला सुरू केला. दाखल्याने मालमत्तेवर हक्क मिळत नाही, तूर्त कारभार कोणाकडे आहे एवढेच कळते, असे त्यातच नमूद होते. महाराष्ट्रात हे रेग्युलेशन आजही वापरात आहे. मृताचे येणे वसूल करण्यासाठी १८४१, १८६० आणि १८८९ साली केंद्रीय कायदे झाले. त्यांचा हेतू जितका वसुलीचा, तितकाच पैसे देणाऱ्या ऋणकोच्या बचावाचा होता. हीच तरतूद १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या दहाव्या भागात उत्तराधिकार प्रमाणपत्र म्हणून आली. त्याच कायद्याचे कलम ३८७ सांगते की, प्रमाणपत्राच्या कामात झालेला निर्णय त्याच प्रश्नावरील पुढच्या दाव्याला आड येत नाही.

ठेव म्हणजे कायद्याच्या भाषेत बँकेचे देणे. लॉकर तसा नाही. त्यातील दागिने बँकेवरचे कर्ज नव्हे. प्रमाणपत्र कर्जे आणि रोख्यांपुरते असल्याने लॉकरला ते मुळातच बसत नव्हते. नामनिर्देशनाची कल्पना विम्यात १९३८ च्या कायद्याने (कलम ३९) आली होती. बँकांसाठी ती १९८३ च्या दुरुस्तीने आली आणि १९८५ पासून अमलात आली. ठेवींसाठी कलम ४५झेडए, लॉकरसाठी ४५झेडई. लॉकर उघडताना वस्तूंची यादी करून तीवर नॉमिनीची सही घ्यावी लागते. वारसांच्या दृष्टीने मला ही यादी फार मोलाची वाटते, कारण पुढे वाद झाला तर आत काय होते याचा तोच पुरावा. शिवाय लॉकर पतीच्या नावे असला तरी त्यातील पत्नीचे स्वतःचे दागिने तरक्यात येतच नाहीत.

४५झेडएची भाषा मात्र फसवी आहे. इतर सर्वांना वगळून नॉमिनीला ठेवीदाराचे सर्व हक्क मिळतात, असे ती म्हणते. रामचंदर तलवार प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला की नॉमिनीला केवळ रक्कम स्वीकारण्याचा अधिकार आहे. मालकी वारसा कायद्याप्रमाणेच ठरते. विम्याबाबत सरबती देवी प्रकरणात १९८४ सालीच असा निवाडा झाला होता. २०२५ च्या दुरुस्तीने चार नॉमिनी नेमता येतात, पण हे तत्त्व तिने बदललेले नाही.

मुसलमानांच्या बाबतीत वारसा म्हणजे १९३७ च्या शरीअत कायद्यान्वये लागू होणारी मीरास. नामनिर्देशन ही वसीयत नव्हे. आणि सुन्नी कायद्यात वारसाला वसीयतही इतर वारसांच्या संमतीवाचून चालत नाही. दफनखर्च आणि कर्जे आधी भागवायची. न दिलेला मेहर हेही कर्जच, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. हे सारे वजा जाता ८,००,००० रुपये उरले आणि मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली असतील, तर पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे १,००,०००, मुलाला ३,५०,००० आणि प्रत्येक मुलीला १,७५,००० मिळतील. नॉमिनी मुलगा असला तरी त्यातले ४,५०,००० दुसऱ्यांचे.

बेळगावहून चोर्ला घाट उतरला की हिशेब पालटतो. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुसलमानांनाही लागू होती. तिच्या वारसाविषयक भागाची जागा २०१२ च्या गोवा कायद्याने घेतली, जो २०१६ साली अमलात आला. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीच्या समाईक मालमत्तेतील अर्धा वाटा पत्नीचा स्वतःचा. वरील ८,००,००० पैकी ४,००,००० तिचेच. उरलेले मुलगा आणि दोन्ही मुली यांच्यात सारखे. बँकेतील नामनिर्देशनाचा फॉर्म मात्र घाटाच्या दोन्ही बाजूंना तोच असतो.